चांगली चादर लवकर फाटत नाही, मग गिऱ्हाईक परत कशाला येईल?

पत्र:

नमस्कार. आम्ही सोलापुरात अशोक चौकाजवळ राहतो. सासऱ्यांचे यंत्रमाग आहेत. जेकार्ड चादर, टेरी टॉवेल आणि नॅपकिन काढतो. चाटी गल्लीतले दोन-तीन व्यापारी माल उचलतात, भाव तेच ठरवतात. दीड वर्षापूर्वी मी हट्टाने वेबसाइट करून घेतली, पंचेचाळीस हजार गेले. सुरुवातीला ओळखीच्यांनी घेतलं, मग सगळं थंड. लोक येतात, बघतात, जातात. एकदा घेतलेला माणूस परत दिसत नाही. वेबसाइट करून देणारे म्हणतात, रोज एक लेख टाका, ऑफरचं उलटं घड्याळ लावा आणि महिना बारा हजार द्या, गूगलवर पहिल्या नंबरला आणतो. सासरे म्हणतात, चादर ही हात लावून घ्यायची वस्तू, नेटवर कोण घेणार? त्यापेक्षा अ‍ॅमेझॉन-फ्लिपकार्टला माल दे आणि हे बंद कर. लोक परत परत यावेत म्हणून मी नेमकं काय करू?
– एक सून, सोलापूर

उत्तर:

ताई, वेबसाइटवाले काय म्हणतात आणि सासरे काय म्हणतात ते जरा बाजूला ठेवा. आधी हे सांगा, तुमच्याकडून चादर नेलेल्या बाईला दुसरी चादर कधी लागेल? सोलापुरातल्या कुठल्याही घरात माळ्यावरची ट्रंक उघडली तर कुणाच्या तरी लग्नात आहेर आलेली चादर निघते, अजून धड, फार तर काठाला थोडी विटलेली. तुमचा माल चांगला आहे म्हणून घरगुती गिऱ्हाईक लवकर परत येत नाही. त्यात वेबसाइटचा काही दोष नाही, आणि रोज लेख टाकून ती बाई दर महिन्याला चादर घ्यायलाही येणार नाही.

माणूस एखाद्या ठिकाणी परत जातो त्याची कारणं मला तरी दोनच दिसतात. एक, तिथे काहीतरी बदललेलं असतं आणि ते त्याला कळायला हवं असतं. आपल्या बाजार समितीतला कांद्याचा भाव शेतकरी रोज का बघतो? काल होता तो आज नसतो म्हणून. दुसरं कारण, तिथे त्याचं स्वतःचं काहीतरी जपून ठेवलेलं असतं: जुना हिशोब, ठरलेलं माप, मागच्या वेळचं डिझाइन. तुमच्या वेबसाइटवर आज यातलं एकही नाही. पत्रासोबत दिलेल्या पत्त्यावर जाऊन मी ती पाहिली. वर तीन फिरते फोटो, खाली ‘आमच्याविषयी’, मग बारा-पंधरा चादरी आणि ‘कार्टमध्ये टाका’. एकदा बघितलं की बघून झालं.

म्हणून ‘लोक परत कसे येतील’ हा प्रश्न जरा वळवून घ्या. कोणाला परत यावंच लागतं, आणि कधी? तुमच्या मालाच्या बाबतीत याचं उत्तर सोपं आहे: लॉजवाले, भक्तनिवास, वसतिगृहं, छोटी हॉस्पिटलं, मंगल कार्यालयं. तुम्ही सोलापुरात बसलाय ही केवढी सोय आहे बघा. अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूर, तिन्ही दीड-दोन तासांच्या अंतरात. तिन्हीकडे मुक्कामी माणूस बाराही महिने, आणि सणावारी तर खोली मिळत नाही. लॉजवरचा टॉवेल घरच्यासारखा सुखात नांदत नाही. तो रोज लाँड्रीत जातो, ब्लीच खातो (क्लोरीनच्या ब्लीचने सुती धागा कमजोर होतोच), कुणी त्याने बूट पुसतं, कुणी पिशवीत घालून नेतं. त्या मालकाला वर्षाला काही टॉवेल नवे घ्यावेच लागतात. तो आज ते कुठून घेतो? जो पहिला भेटला त्याच्याकडून, आणि दर वेळी मापात, वजनात, रंगात फरक पडतो म्हणून कटकट करतो.

या माणसासाठी वेबसाइट नव्याने मांडा. घरगुती गिऱ्हाइकाची दुकानाची बाजू राहू दे, पण पहिल्याच पानावर ठळक दिसू दे: लॉज, वसतिगृह आणि कार्यालयांसाठी वेगळं पान. आणि त्या पानावर ‘उत्कृष्ट दर्जा, माफक दर’ असलं काही लिहू नका, ते सगळेच लिहितात. त्याला जो हिशोब करायचा असतो तो करून द्या.

उदाहरणच देते. टॉवेल विकणारे जीएसएम सांगतात, म्हणजे एका चौरस मीटरला किती ग्रॅम. लॉजवाल्याला त्यातून काही बोध होत नाही, त्याच्या हातात अख्खा टॉवेल असतो. पण हिशोब अगदी साधा आहे. इंचातली लांबी गुणिले रुंदी गुणिले जीएसएम, भागिले १५५०. कारण एका चौरस मीटरमध्ये १५५० चौरस इंच बसतात. ३० बाय ६० चा टॉवेल ४५० जीएसएमचा असेल तर वजन ५२० ग्रॅमच्या आसपास भरायला हवं. आता हाच हिशोब उलटा करून दाखवा. कुणी ४५० सांगून दिलेला टॉवेल किराणा दुकानातल्या काट्यावर ४३० ग्रॅम भरला, तर तो ३७० जीएसएमचा निघाला. पानावर दोन रकाने ठेवा, माप आणि वजन टाकलं की जीएसएम निघेल. तुमचा वेबसाइटवाला हे अर्ध्या दिवसात करून देईल, नाही दिलं तर दुसरा बघा. हे पान लॉजवाला एकदा वापरेल, मग शेजारच्या लॉजवाल्याला पाठवेल, आणि पुढच्या वेळी दुसऱ्या कुणाकडून माल आला तरी तपासायला तुमच्याच पानावर येईल. तुमचा माल वजनाला पक्का असेल तर याने तुमचंच भलं होतं. नसेल, तर हे पान करू नका आणि आधी मागावर लक्ष द्या.

तसंच ‘किती नग लागतील’ हे पान. हॉटेलच्या धंद्यात साधारण तीन जोड धरतात: एक खोलीत, एक धुलाईत, एक कपाटात. २४ खोल्या, खोलीला दोन टॉवेल, म्हणजे ४८, आणि तिप्पट म्हणजे १४४. चादरींचंही तसंच. नवीन लॉज काढणाऱ्याला हा आकडा कुणी सांगत नाही. तो ६० टॉवेल घेतो आणि पावसाळ्यात ओले टॉवेल खोलीत ठेवतो. खरं तर हे गणित तुमच्या सासऱ्यांना तोंडपाठ असणार. इतकी वर्षं व्यापाऱ्यांना माल देताना कोण किती उचलतं, कुठल्या महिन्यात उचलतं, हे त्यांच्या डोक्यात आहेच. त्यांच्याजवळ तासभर बसा, विचारा, लिहून घ्या. वेबसाइटला लागणारा ऐवज तुमच्या घरातच आहे, आणि रोजच्या लेखासाठी पैसे घेणाऱ्याकडे तो नाही.

आता जपून ठेवण्याची गोष्ट. माझ्या मते तुमच्या धंद्यात सगळ्यात मोलाचं हेच आहे, म्हणून जरा सविस्तर.

प्रत्येक चादरीला आणि टॉवेलला डिझाइन नंबर द्या आणि तो शिवलेल्या लेबलवर छापा. खोक्यावर किंवा पिशवीवर छापून उपयोग नाही, पिशवी पहिल्याच दिवशी जाते. लेबलवर नंबर आणि वेबसाइटचा पत्ता. चार वर्षांनी पंढरपूरच्या लॉजवाल्याला तशाच तीस चादरी हव्या असतील तर तो लेबल बघेल, नंबर टाकेल, आणि समोर ते पान येईल: हेच डिझाइन, हेच माप, या रंगात आता मिळते, या रंगात नाही. घरगुती गिऱ्हाईकसुद्धा या वाटेने परत येतं. आईच्या घरी होती तशीच चादर हवी, असं विचारणारी माणसं सोलापुरी चादरीच्या बाबतीत फार. त्यांना ‘मोरपंखी’ म्हणून सांगता येत नाही, कारण मोरपंखी दहा तऱ्हेची निघते. नंबर सांगता येतो.

यासाठी एक पथ्य पाळावं लागेल. डिझाइन बंद झालं तरी त्याचं पान काढायचं नाही. ‘हे आता विणत नाही, याच्या जवळचं हे बघा’ असं लिहून ठेवायचं. बहुतेक लोक वेबसाइट नवीन करतात तेव्हा जुने सगळे पत्ते मोडतात. मग लेबलवरून, जुन्या व्हॉट्सअ‍ॅप मेसेजवरून, गूगलवरून आलेला माणूस ‘पान सापडले नाही’ वाचून निघून जातो. वेबसाइट बदलायची झाली तर करणाऱ्याला आधीच सांगा: जुना प्रत्येक पत्ता नव्या पानाकडे वळवून द्यायचा. त्याला ३०१ रीडायरेक्ट म्हणतात. कामाच्या कागदावर लिहून घ्या, तोंडी नको.

ठोक गिऱ्हाइकासाठी त्याच्या मागच्या ऑर्डरचा तपशील ठेवा. त्यासाठी मोठं सॉफ्टवेअर कशाला? वेबसाइटवर ‘मागचीच ऑर्डर पुन्हा’ असं एक बटण, ते दाबलं की तुमच्या व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज येतो, आणि तुमच्याकडे वहीत किंवा शीटमध्ये त्या लॉजची नोंद: माप, वजन, रंग, काठावर नाव विणलंय का, बिल कुठल्या नावाने, माल कुठल्या ट्रान्सपोर्टने. त्याला फक्त ‘मागच्यासारखेच ४० पाठवा’ म्हणता आलं पाहिजे. माल चढवला की बिल्टीचा, म्हणजे ट्रान्सपोर्टच्या पावतीचा, फोटो लगेच पाठवा. फोन करून ‘निघाला का माल’ विचारायची वेळ ज्याच्यावर येत नाही, तो दुसरीकडे भाव विचारायला जायचाही कंटाळा करतो.

टॉवेलवर लॉजचं नाव विणून देत असाल तर ते नुसतं ‘सुविधा उपलब्ध’ म्हणून सांगू नका. किमान किती नग, जादा किती दिवस, दुसऱ्या वेळी डिझाइनचं कार्ड (मागाला नक्षी सांगणारं) नव्याने करायचा खर्च लागतो की नाही, हे लिहा. एकदा नाव विणून घेतलेला माणूस तुमच्याशी बांधला जातो, कारण ते डिझाइन तुमच्याकडे तयार असतं. त्याचा गैरफायदा मात्र घेऊ नका. दुसऱ्या वेळी भाव चढवला की त्याच्या लक्षात येतंच.

भावाचं काय करायचं? यंत्रमागवाले वेबसाइटवर ठोक दर टाकायला घाबरतात, आणि त्यात चूक काही नाही. सुताचा भाव हलतो, दर टाकला की तोच धरून बसतात. पण ‘दरासाठी फोन करा’ वाचून निम्मी माणसं फोन करत नाहीत, असं माझं निरीक्षण आहे. मधला मार्ग असा: दर महिन्याच्या एक तारखेला दरपत्रक बदला आणि वर ठळक लिहा, हे दर अमुक तारखेपर्यंत. सुताचा भाव वाढला असेल तर एका ओळीत तेही सांगा. किरकोळ दर कायम उघडे ठेवा, ठोक दर नगांच्या टप्प्याने द्या. झालं, तुमच्या वेबसाइटवर दर महिन्याला बदलणारी एक गोष्ट आली, आणि ती बघायला येणारा माणूस खरा गिऱ्हाईकच असणार. चाटी गल्लीतले व्यापारीही बघतील. सासऱ्यांना ते आवडणार नाही, पण व्यापाऱ्याचा आणि लॉजचा टप्पा वेगळा ठेवला तर भांडण होणार नाही. एक तारीख चुकवलीत तर मात्र पंचाईत. मार्चमध्ये गेल्या सप्टेंबरचं दरपत्रक दिसलं की दुकान बंद पडलं असंच वाटतं.

सासऱ्यांच्या हाताच्या मुद्द्याकडे येते, कारण तो खराच आहे. चादर हातात घेतल्याशिवाय पोत कळत नाही. म्हणून ठोक चौकशीला नमुना पाठवा. एक टॉवेल, एक नॅपकिन, चादरीचा वीतभर तुकडा, सोबत वजन-माप लिहिलेलं कार्ड. नमुन्याचे पैसे घ्या, पहिल्या ऑर्डरमध्ये वळते करा. फुकट नमुना मागणारे बहुतेक नुसते गोळा करणारे असतात.

घरगुती गिऱ्हाइकासाठी हाताचं काम फोटोने करावं लागतं. तुमच्या वेबसाइटवरचे फोटो परदेशी पलंगावर, पांढऱ्या भिंतीच्या खोलीत, वर संगणकाने चिकटवलेली चादर असे आहेत. काढून टाका ते. दिवसाच्या उजेडात, सावलीत, मोबाईलनेच काढा. एक फोटो पूर्ण पसरलेल्या चादरीचा, एक घडीचा जेणेकरून जाडी दिसेल, एक काठाचा जवळून, एक उलट्या बाजूचा. शेजारी मोजपट्टी ठेवा. एक छोटा व्हिडिओ मागाचा, आवाजासकट. सोलापूरच्या पूर्व भागात वाढलेल्याला तो आवाज अंगाईसारखा असतो. पुण्या-मुंबईच्या माणसाला मात्र तो ‘हे खरंच विणतात’ याचा पुरावा वाटतो. आणि पुराव्याची गरज आहे. दुसरीकडे विणलेला माल सोलापुरी म्हणून विकला जातो ही तक्रार आपल्याकडे जुनी आहे. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल या दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे. पण मानांकन गावाच्या मालाला मिळतं. त्याचं नाव कायद्याने वापरायचं तर उत्पादकाने चेन्नईच्या नोंदणी कार्यालयात ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून नाव नोंदवावं लागतं, आणि ती नोंद दहा वर्षं चालते. तुमची नोंद असेल तर तिचा क्रमांक पहिल्या पानावर टाका. नसेल तर करून घ्या. आणि तोवर मानांकनाचं चिन्ह कुठूनतरी उचलून लावू नका.

फोटो भरपूर टाका म्हटलं, पण फोनमधून निघालेला चार-पाच एमबीचा फोटो जसाच्या तसा चढवू नका. तुमचं पहिलं पान माझ्या फोनवर उघडायला इतका वेळ लागला की मी मध्ये चहा घेतला, असं म्हटलं तर थोडीच अतिशयोक्ती होईल. गूगलच्या मापाने पानावरचा मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसला तर ठीक. ‘पेजस्पीड इनसाइट्स’ म्हणून त्यांचंच मोफत साधन आहे, त्यात पत्ता टाका आणि बघा. फोटो ‘वेबपी’ प्रकारात, दीडशे-दोनशे केबीच्या आत आणा, वरचे फिरते फोटो बंद करा. निम्मं दुखणं तिथेच बरं होईल. पत्त्याच्या आधी ‘नॉट सिक्युअर’ येत असेल, तर तेही आजच दुरुस्त करून घ्या. २०१८ पासून क्रोम अशा वेबसाइटवर तसं लिहूनच दाखवतो, आणि ते वाचून कुणी पैसे भरत नाही. त्यासाठी लागणारं सुरक्षेचं प्रमाणपत्र ‘लेट्स एन्क्रिप्ट’कडून फुकट मिळतं. कुणी वर्षाला हजारो रुपये मागत असेल तर कशाचे, ते विचारा.

रोजच्या लेखाबद्दल थोडक्यात सांगते: नको. ‘चादरीचे दहा फायदे’ कुणी वाचत नाही. त्याऐवजी सात-आठ पानं नीट लिहा आणि वर्षातून दोनदा सुधारा. फोनवर जे प्रश्न वारंवार येतात तीच ती पानं. रंग जातो का? पहिली धुलाई कशी करायची? नवा टॉवेल पाणी का टिपत नाही? (दोन-तीन धुण्यांनंतर टिपायला लागतो, आणि कपडे मऊ करायचं ते लिक्विड टाकलं की टिपणं कमी होतं, हे फार कमी लोकांना माहीत असतं.) आहेरासाठी पन्नास चादरी हव्यात तर किती दिवस आधी सांगायचं? शेवटचं पान तुळशीच्या लग्नाआधी वर आणा, लॉजची पानं नवरात्राच्या आणि आषाढीच्या आधी. ज्येष्ठ लागला की पंढरपूरचा लॉजवाला कपाट उघडून टॉवेल मोजतो, त्याच आठवड्यात तुमचा मेसेज जायला हवा. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेला बाहेरगावचे पाहुणे येतात तेव्हा तुमचा गाळा कुठे, कधी उघडा, हे पान लागेल.

मराठीत लिहाल तेव्हा युनिकोडमध्येच लिहा. छापखान्यातून जाहिरातीचा मजकूर आणून तसाच चिकटवला तर जुन्या फॉन्टमुळे तो वेबसाइटवर अगम्य दिसतो, आणि मजकुराचा फोटो करून टाकला तर शोधणाऱ्याला तो सापडत नाही. तुमच्या वेबसाइटवर दोन्ही झालंय. शिवाय तुमच्या घरात बहुधा तीन भाषा बोलल्या जात असतील. कलबुर्गी-विजयपूरच्या लॉजवाल्यासाठी एक पान कन्नडमध्ये, हैदराबादच्या व्यापाऱ्यासाठी एक तेलुगूमध्ये, घरातल्या माणसाने स्वतः लिहिलेलं. यंत्राने केलेलं भाषांतर नको. मुंबईतल्या कुठल्याही मोठ्या वेबसाइटला हे इतक्या सहज जमणार नाही.

उलट्या घड्याळाला ठाम नकार द्या. ‘फक्त तीन नग शिल्लक, चौदा मिनिटांत ऑफर संपेल’ असं लिहायचं आणि पान पुन्हा उघडलं की पुन्हा चौदा मिनिटं! लॉजवाला असला तरी तो मूर्ख नाही. शिवाय ही खोटी घाई केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत फसव्या तेरा प्रकारांमध्ये मोडते. न मागता टोपलीत काही टाकणं आणि शेवटच्या पायरीला खर्च वाढवून दाखवणं हेही त्यातच. तुमच्याकडे पोस्टेज शेवटी दिसतं, ते वस्तूच्या किमतीजवळच दाखवा. ई-कॉमर्सचे २०२० चे ग्राहक संरक्षण नियम छोट्या धंद्यालाही लागू आहेत: पूर्ण नाव-पत्ता, फोन, परतीच्या अटी, आणि तक्रार ऐकणाऱ्या माणसाचं नाव वेबसाइटवर हवं. तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत, निकाल महिन्याभरात. तो माणूस तुम्हीच असाल, तरी नाव लिहा. जीएसटी क्रमांकही टाका, ठोक गिऱ्हाईक आधी तोच बघतो.

व्हॉट्सअ‍ॅपवर रोज ‘शुभ सकाळ’ आणि चादरीचा फोटो पाठवू नका, लोक म्यूट करतात. ब्रॉडकास्टचा मेसेज तुमचा नंबर ज्यांनी सेव्ह केलाय त्यांनाच पोचतो हे लक्षात ठेवा. म्हणून मालासोबतच्या कार्डावर ‘हा नंबर सेव्ह करा, दरपत्रक येत जाईल’ असं लिहा आणि पाठवायच्या आधी विचारा. वर्षातून पाच-सहा मेसेज पुरेत.

गूगलच्या पहिल्या नंबरची हमी कुणीच देऊ शकत नाही, हे गूगलनेच लिहून ठेवलंय. ते बारा हजार वाचवा. त्यातले थोडे नमुन्यांवर आणि अक्कलकोट-तुळजापूरच्या फेऱ्यांवर खर्च करा. गूगलचं ‘बिझनेस प्रोफाइल’ फुकट आहे. नकाशावर गाळा, वेळ, फोटो नीट भरा. माल मिळालेल्या लॉजवाल्याला दोन ओळी अभिप्राय लिहायला सांगा. विकतचे अभिप्राय घेऊ नका, ते ओळखू येतात. आणि रोज किती लोक आले तो आकडा बघणं सोडा. एकच माणूस फोनवरून आणि मग ऑफिसच्या संगणकावरून आला तर बहुतेक वेळा दोन माणसं मोजली जातात, त्यातून परत कोण आलं ते कळत नाही. दर चौकशीला विचारा, आमचं कुठून कळलं? वहीत लिहा. सहा महिन्यांनी दुसऱ्यांदा ऑर्डर देणारे किती झाले, तेवढाच आकडा सासऱ्यांना दाखवा.

सगळ्याच्या आधी मात्र एक काम करा, लेबलं शिवायच्याही आधी. डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, कुणाच्या नावावर आहे ते बघा. करून देणाऱ्याच्या खात्यात असेल तर ते तुमच्या नावाच्या, तुमच्या ईमेलच्या खात्यात वळवून घ्या. त्यासाठी लागणारा ट्रान्सफर कोड तो देऊ शकतो, आणि पैसे भरलेत तर द्यायलाच हवा. खात्याला दिलेला ईमेल त्याच डोमेनवरचा ठेवू नका, डोमेन बंद पडलं तर तोही बंद पडेल. नूतनीकरणाची तारीख कॅलेंडरवर लिहा. लेबलवर छापलेला पत्ता तुमच्या मालकीचा नसेल तर हजारो चादरींवर तुम्ही दुसऱ्याची जाहिरात शिवताय. महिना बारा हजार नाकारायच्या आधी हे करा, नंतर फोन उचलला जाईलच असं नाही.

राहता राहिलं अ‍ॅमेझॉन-फ्लिपकार्ट. सासऱ्यांचं अगदीच चूक नाही. एकेक चादर घेणारं घरगुती गिऱ्हाईक तिथे आहे, तर चार-पाच डिझाइनं तिथे ठेवायला हरकत नाही. कमिशन, परत आलेल्या मालाचा खर्च धरून भाव लावा आणि महिन्याचा हिशोब वेगळा ठेवा. पण तिथलं गिऱ्हाईक त्यांचं असतं, पुन्हा हाक मारायला त्याचा फोन नंबर तुम्हाला वापरता येत नाही. त्या मालावरही लेबल तेच शिवा, नंबरासकट. लॉजचा धंदा मात्र तिकडे नेऊ नका. वेबसाइट बंद करायची की नाही हे पुढच्या आषाढीनंतर ठरवा. तोपर्यंत दहा लॉज दुसऱ्यांदा मागवायला लागले नाहीत, तर सासऱ्यांचं ऐका.